ट्रेसमधला खोटा ‘आर’: लिनक्स कर्नलच्या ट्रेसिंग कोडमधलं रिग्रेशन शोधायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं

ट्रेसमधली, म्हणजे कर्नलनं चालता चालता केलेल्या नोंदींमधली, ही एक ओळ बघा:

प्रेव्ह_कॉम=शेड-पाइप प्रेव्ह_स्टेट=आर ==> नेक्स्ट_कॉम=स्वॅपर/३

शेड-पाइप नावाच्या टास्कनं ३ नंबरचा सीपीयू सोडला. सोडताना त्याची अवस्था ‘आर’, म्हणजे पळायला तयार. आणि त्याच्यामागून सीपीयू मिळाला स्वॅपरला, म्हणजे काहीच काम नसताना चालणाऱ्या टास्कला. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे आणि दुकानदार शटर ओढून घरी निघालाय, तसला हा प्रकार. शेड्यूलर, म्हणजे सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग, असं करत नाही. तेव्हा खोटं बोलतोय तो ट्रेस.

हे उदाहरण खरं आहे. २०२० साली आलेल्या ५.८ कर्नलपासून ‘शेड_स्विच’ या ट्रेसपॉइंटमध्ये (कोडमध्ये पेरलेली नोंद घ्यायची जागा) अशा ओळी दिसायची शक्यता तयार झाली. दुरुस्ती २०२२ मध्ये, ५.१८ च्या वेळी आली आणि त्या दुरुस्तीनं दुसऱ्याच लोकांचे प्रोग्राम मोडले. मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती. ट्रेसिंगमधलं रिग्रेशन (आधी नीट चालणारं नव्या आवृत्तीत बिघडणं) कसं हाताळायचं हे शिकायला याहून चांगली जोडगोळी मला माहीत नाही, म्हणून पूर्ण लेखात तीच धरून चालतो.

एक सोय आधीच सांगून ठेवतो. आज्ञा आणि फायलींची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

आधी खात्री करा की बिघाड कर्नलचाच आहे

‘कर्नल अपडेट केला आणि पर्फ बिघडलं’ या तक्रारीमागे बरेचदा कर्नल नसतोच. पर्फ हे कामगिरी मोजायचं साधन कर्नलच्याच सोर्समध्ये, टूल्स/पर्फ या फोल्डरमध्ये राहतं, पण ते वेगळं बिल्ड होतं आणि अपडेटमध्ये दोन्ही एकदमच बदलतात. म्हणून चार जोड्या तपासा: जुना कर्नल-जुनं पर्फ, जुना कर्नल-नवं पर्फ, नवा कर्नल-जुनं पर्फ, नवा कर्नल-नवं पर्फ. बिघाड पर्फबरोबर फिरत असेल तर कर्नल बायसेक्ट करण्यात (कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, अर्धे अर्धे करत दोषी शोधण्यात) रात्र घालवू नका. साधनाचा कोड बायसेक्ट करायला रीबूटही लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. प्रॉक-सिस-कर्नलमधल्या ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ची मूळ किंमत २ असते, काही डिस्ट्रिब्यूशन ती ३ किंवा ४ वर नेतात. किंमत चढली की साध्या वापरकर्त्याला काउंटर मिळेनासे होतात. फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसत असतील तर ‘केपीटीआर_रिस्ट्रिक्ट’ बघा. ट्रेसएफएस (ट्रेसिंगच्या फायली जिथं दिसतात ती फाइल सिस्टिम) हल्ली सिस-कर्नल-ट्रेसिंग इथं माउंट होतं. जुन्या स्क्रिप्ट अजून डीबग-ट्रेसिंग हा जुना रस्ता धरून बसलेल्या असतात.

शेवटी डिस्ट्रिब्यूशनचा कर्नल बाजूला ठेवून मूळ, विनापॅच कर्नलवर तोच बिघाड दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर दार वेगळं ठोठवायचं.

खोट्या ओळीच पकडणारी चाचणी

सगळ्या कामात इथं सर्वात जास्त वेळ घालवा. चाचणी ढिली असेल तर पुढचं सगळं वाळूवर.

आपल्या उदाहरणात पहिला मोह होतो ‘आर’ असलेल्या सगळ्या ओळी मोजायचा. तो चुकीचा आहे. कर्नलमध्ये असताना टास्कला बाजूला सारलं तर ‘आर+’ दिसतं, पण सिस्टिम कॉल संपवून यूजर मोडमध्ये परतताना सीपीयू काढून घेतला तर साधा ‘आर’च दिसतो आणि तो अगदी खरा असतो. म्हणजे ‘आर’ हा पुरावा नाही. ‘आर’ आणि पाठोपाठ स्वॅपर, हा विरोधाभास म्हणजे पुरावा.

ट्रेसएफएसमध्ये प्रत्येक इव्हेंटला स्वतःची फिल्टर फाइल असते. इव्हेंट्स/शेड/शेड_स्विच/फिल्टर या फाइलमध्ये एवढीच अट लिहा: प्रेव्ह_स्टेट == ० && नेक्स्ट_पिड == ०. ‘आर+’ला वेगळी, शून्याहून मोठी किंमत असते, त्यामुळे तो आपोआप गळतो. शून्य पिड (टास्कचा क्रमांक) म्हणजे स्वॅपर. फिल्टरचा दुसरा फायदा मोठा आहे: सगळे स्विच नोंदवायला गेलात तर रिंग बफर बघता बघता भरतो आणि जुन्या नोंदींवर नव्या बसतात, फिल्टर लावल्यावर हव्या त्याच ओळी राहतात. ओळ आली की बिघाड, नाही आली की ठीक.

आता भार. ‘पर्फ बेंच शेड पाइप’ इथं चपखल बसतं. दोन टास्क पाइपमधून एकमेकांना शब्द पाठवत बसतात, काही न सांगता १० लाख फेऱ्या. पहिला लिहितो आणि उत्तराची वाट बघत झोपायला निघतो. दुसरा दुसऱ्या सीपीयूवर जागा होऊन इतक्या पटकन उत्तर देतो की पहिला अजून पुरता झोपलेलाही नसतो. आपल्याला हवी ती फट नेमकी हीच आहे. शेड्यूलरनं दोघांना एकाच सीपीयूवर बसवलं तर मात्र शर्यतच (दोन सीपीयूंमधली ‘आधी कोण’ ही चढाओढ) होत नाही. तसं होत असेल तर ‘शेड_सेटअफिनिटी’ वापरून दोन धागे दोन सीपीयूंवर बांधणारा तीसेक ओळींचा सी प्रोग्राम लिहून टाका.

दोन अपवाद लक्षात असू द्या. सीपीयूचा कोटा लावलेल्या सीग्रुपमध्ये (टास्कच्या गटात) टास्क तयार असूनही अडवला जातो आणि सीपीयू खरोखर रिकामा बसतो. कोअर शेड्यूलिंग (एका कोअरवर परस्परांवर विश्वास असलेलेच टास्क एकत्र चालवणं) चालू असेल तरीही तसंच. म्हणून चाचणी कंटेनरबाहेर, कोटा नसलेल्या जागी चालवा, नाहीतर खऱ्या ओळींना खोटं ठरवून मोकळे व्हाल.

आणि ही शर्यत आहे, त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही. समजा बिघडलेल्या कर्नलवर दर पाच वेळांत एकदाच खोटी ओळ दिसते. तर चाचणी १० वेळा चालवूनही ती हुकण्याची शक्यता सुमारे ११ टक्के उरते. ३० वेळा चालवली तर ०.१२ टक्के. बायसेक्टमध्ये एकाच फेरीत ‘ठीक’ असा खोटा निकाल गेला की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच गल्लीत जातात आणि शेवटी गिट अतिशय आत्मविश्वासानं एखाद्या साउंड ड्रायव्हरचा कमिट दोषी म्हणून पुढे करतं. म्हणून आधी बिघडलेल्या कर्नलवर चाचणी पन्नासेकदा चालवून ती किती वेळा पकडते ते मोजा, आणि त्यावरून फेऱ्या ठरवा.

बिल्ड हलकं करा

डिस्ट्रिब्यूशनचा कॉन्फिग जसाच्या तसा घेतला तर हजारो मोड्यूल बिल्ड होत राहतात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ फक्त आत्ता लोड असलेलेच मोड्यूल ठेवतं. त्याआधी यूएसबीची सगळी उपकरणं जोडून घ्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वायफायचा डोंगल काढून ठेवलेला होता. नवा कर्नल उत्तम बूट झाला, नेटवर्क तेवढं नव्हतं.

ट्रेसपॉइंटच्या कामासाठी खरं तर प्रत्यक्ष मशीन लागतच नाही. ‘व्हर्टमी-एनजी’ हे साधन नुकताच बिल्ड केलेला कर्नल क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये काही सेकंदांत उठवतं, तुमचीच फाइल सिस्टिम वापरून. सीपीयू मात्र ४ तरी द्या. एका सीपीयूवर शर्यत कुणाशी? हार्डवेअर काउंटरचं रिग्रेशन असेल तर हा मार्ग बहुधा बंद, कारण व्हर्च्युअल मशीनमध्ये ते काउंटर नीट मिळतीलच असं नाही.

जुन्या कर्नलची आणखी एक कटकट म्हणजे कंपायलर. २०२० चा सोर्स आजच्या जीसीसीनं बिल्ड होत नाही असं बरेचदा घडतं. त्या काळातला कंपायलर हाताशी ठेवा. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं साधन) लावा. बीटीएफ (कर्नलमधल्या डेटाप्रकारांची माहिती) लागत नसेल तर बंद करा, बिल्डचा वेळ वाचतो. पुढे बीपीएफची (कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) चाचणी येईल तेव्हा ते चालू ठेवावं लागेल, आणि तिथं एक खड्डा आहे, तो त्या जागी सांगतो.

बायसेक्ट

५.७ ठीक, ५.८ बिघडलेला. मध्ये सुमारे १६ हजार कमिट, म्हणजे १४ फेऱ्या. ‘गिट बायसेक्ट रन’ला एक स्क्रिप्ट द्या आणि तिचे निकाल नीट पाळा: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे बिघाड, १२५ म्हणजे या कमिटबद्दल काही सांगता येत नाही, वगळा. बिल्ड फसलं, कर्नल उठलाच नाही, फिल्टरची फाइल सापडली नाही, या सगळ्यांना १२५. पहिल्यांदा करणारे इथंच घसरतात: बिल्ड फसल्यावर मेकचा निकाल तसाच बाहेर जातो आणि गिट त्याला ‘बिघाड’ समजतं.

फेऱ्या वाचवायला बायसेक्ट काही फोल्डरपुरतंच ठेवता येतं. बिघाड ट्रेसमध्ये दिसतोय म्हणून कर्नल/ट्रेस एवढंच द्यावंसं वाटतं. आपल्या उदाहरणात ते केलं असतं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं असतं. दोषी कमिट शेड्यूलरमध्ये, कर्नल/शेडमध्ये होता. ट्रेसिंगच्या ओळीला त्यानं हातही लावला नव्हता. ट्रेसपॉइंट दुसऱ्याच्या कोडमध्ये टोचलेली सुई असते. सुई जागेवरच राहते, भोवतालचं अंग हलतं. म्हणून फोल्डर निवडताना ट्रेसपॉइंट ज्या कोडमध्ये आहे तो भाग, इन्क्लूड/ट्रेस आणि कर्नल/ट्रेस असे तिन्ही घ्या. मला विचाराल तर १४ फेऱ्यांसाठी मर्यादा घालूच नका. मशीनला रात्रभर राबू द्या.

दोषी कमिट वाचताना

इथं मिळालेला कमिट मे २०२० चा, टास्क जागा करण्याचं काम वेगवान करणारा. पूर्वी जागं करणारा सीपीयू, झोपायला निघालेला टास्क आपल्या सीपीयूवरून पुरता उतरेपर्यंत घिरट्या घालत थांबायचा आणि मगच त्याची अवस्था ‘वेकिंग’ अशी लिहायचा. या थांबण्यात बराच वेळ जातो असं दिसून आलं होतं. नव्या कोडनं अवस्था आधी लिहायला सुरुवात केली आणि जागं करण्याचं काम त्या दुसऱ्या सीपीयूच्या यादीत टाकून मोकळं व्हायची सोय केली. वेगासाठी उत्तम. पण क्रम बदलला.

क्रम कागदावर मांडा, दोन रकाने करून. डोक्यात ठेवू नका. डावीकडे टास्क स्वतःला ‘झोपेत’ असं लिहितो, शेड्यूलरमध्ये शिरतो, रांगेतून नाव काढतो. नेमक्या त्या क्षणी उजवीकडचा सीपीयू बघतो की हा रांगेत नाही, आणि त्याच्या अवस्थेवर ‘वेकिंग’ लिहितो. आता डावीकडे ट्रेसपॉइंटची पाळी येते. तो टास्कची अवस्था पुन्हा वाचतो, त्याला ‘वेकिंग’ मिळतं. कळवायच्या अवस्थांच्या यादीत ‘वेकिंग’ नाही, म्हणून हिशोब शून्यावर येतो, आणि शून्य म्हणजे ‘आर’.

त्याच क्रमबदलानं लोड अॅव्हरेजच्या मोजणीतही गडबड केली होती, पण ती ५.८ बाहेर पडण्याआधीच सापडली. लोडचा आकडा सगळे बघतात. ट्रेसमधल्या एका अक्षराकडे कोण बघतंय!

दुरुस्ती, आणि आगीतून फुफाट्यात

उपाय वाचताच सुचतो: अवस्था पुन्हा वाचायचीच नाही. शेड्यूलर सुरुवातीला ती एकदा वाचून ‘प्रेव्ह_स्टेट’ या स्थानिक चलात ठेवतोच, तीच ट्रेसपॉइंटला द्यायची. २०२२ च्या कमिटनं हेच केलं. आधी ट्रेसपॉइंटला तीन गोष्टी मिळायच्या: प्रीएम्प्ट, प्रेव्ह, नेक्स्ट. आता चार झाल्या: प्रीएम्प्ट, प्रेव्ह_स्टेट, प्रेव्ह, नेक्स्ट.

ट्रेसएफएसमधली फॉरमॅट फाइल बदलली नाही. ट्रेस-सीएमडी, पर्फ, सगळं पूर्वीसारखं. कर्नलच्या आत या ट्रेसपॉइंटला जोडलेली फंक्शन्सही सुखरूप, कारण त्यांचं स्वरूप जुळलं नाही तर कंपायलरच अडवतो. एफग्राफ, ओएसनॉइज, वेकअप ट्रेसर अशी ती सगळी त्याच कमिटमध्ये बदलली गेली.

राहिले बीपीएफवाले. ‘टीपी_बीटीएफ’ प्रकारचे प्रोग्राम ट्रेसपॉइंटची आर्ग्युमेंट थेट, जागेच्या क्रमानं घेतात. दुसऱ्या जागेवर टास्कचा पॉइंटर असायचा, तिथं आता नुसता आकडा आला. व्हेरिफायरनं (लोड होण्याआधी प्रोग्राम तपासणाऱ्या कर्नलच्या भागानं) असे प्रोग्राम लोड करायलाच नकार दिला. हे निदान बोंब मारून मोडतं. बीटीएफ न वापरणारा कच्चा प्रोग्राम तो आकडा पत्ता समजून वाचायला जातो, वाचन फसतं, आणि परत आलेली चूक कुणी तपासत नसेल तर रिकाम्या नोंदी गोळा होत राहतात.

ट्रेसिंगच्या कोडमध्ये काहीही हलवण्याआधी म्हणूनच ग्राहकांची मोजदाद करा: फॉरमॅट फाइल वाचणारे, बफरमधले बाइट ठरलेल्या जागेवरून उचलणारे, कर्नलमधले प्रोब (ट्रेसपॉइंटला जोडलेली फंक्शन्स), आणि बीपीएफ. बाइट उचलणाऱ्यांचा धडा २०११ मध्येच मिळाला होता. बिग कर्नल लॉक (पूर्ण कर्नलला मिळून एकच कुलूप) गेलं, म्हणून प्रत्येक इव्हेंटच्या मथळ्यातलं ‘लॉक_डेप्थ’ हे ४ बाइटांचं खानं काढलं गेलं. पॉवरटॉप फॉरमॅट फाइल न वाचता ठरलेल्या अंतरावरून आकडे उचलत होतं, ते मोडलं. चूक पॉवरटॉपची होती असं कितीही म्हणता येईल. तरी ते ४ रिकामे बाइट परत बसवावे लागले, कारण चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलनं मोडायचा नाही हा लिनस टोरव्हाल्ड्स यांचा दंडक आहे.

बीपीएफच्या बिघाडावर तीन रस्ते होते. कमिट मागे घ्यावा, तर खोटा ‘आर’ परत येतो. नवा, वेगळा ट्रेसपॉइंट काढावा, तर एका आकड्यासाठी आयुष्यभराचं ओझं. तिसरा: नवं आर्ग्युमेंट शेवटी न्यावं. प्रीएम्प्ट, प्रेव्ह, नेक्स्ट, प्रेव्ह_स्टेट. जुने प्रोग्राम पहिल्या तीन जागा वाचतात, चौथीकडे बघतही नाहीत. ज्यांना ती हवी त्यांनी कर्नल बघून घ्यावी. मे २०२२ मध्ये हाच पॅच झाला. बदल म्हणाल तर एका शब्दाची जागा, पण ती जोडलेल्या प्रत्येक फंक्शनमध्ये. अशी फंक्शन्स शोधायला ‘रजिस्टर_ट्रेस_शेड_स्विच’ हे नाव गिट ग्रेपनं हुडका, आणि ट्रेसिंगचे सगळे पर्याय चालू करून बिल्ड करा; बंद असलेल्या ट्रेसरमधली चूक कंपायलरला दिसणार कशी?

आता तो खड्डा. या दुसऱ्या रिग्रेशनचं बायसेक्ट करताना बीटीएफ चालू हवं. ते बंद राहिलं, किंवा पाहोल हे बीटीएफ तयार करणारं साधन जुनं निघालं, तर ‘टीपी_बीटीएफ’ प्रोग्राम ठीक असलेल्या कर्नलवरही लोड होणार नाही. स्क्रिप्टमध्ये आधी सिस-कर्नल-बीटीएफमधली व्हीएमलिनक्स फाइल आहे का ते बघा. नसेल तर १२५.

पाठवण्याआधी

आपली चाचणी आधी दुरुस्तीशिवाय आणि मग दुरुस्तीसह चालवा. पहिलीत ती पडलीच पाहिजे. मग सोर्समधल्या सेल्फटेस्टपैकी एफट्रेस आणि बीपीएफ, आणि ‘पर्फ टेस्ट’. ट्रेसिंग बंद असताना ट्रेसपॉइंटची किंमत जवळपास शून्य असायला हवी, कारण तिथं एक नॉप (काहीच न करणारी) सूचना असते आणि चालू केल्यावरच तिची उडी होते. तरीही ‘पर्फ स्टॅट’ १० वेळा फिरवून शेड पाइपचा वेळ आधी-नंतर मोजा. शेड्यूलरच्या मुख्य रस्त्यावर काम करताय, हा प्रश्न येणारच.

कमिटच्या मजकुरात वर कागदावर मांडलेले दोन रकाने तसेच उतरवा. ते वाचून परीक्षकाला शर्यत दोन मिनिटांत कळते. ‘फिक्सेस’ची ओळ दोषी कमिटच्या पहिल्या १२ अक्षरांसह, ‘रिपोर्टेड-बाय’ आणि लगेच खाली ‘क्लोजेस’मध्ये तक्रारीचा दुवा, स्थिर शाखांमध्ये जायला हवं असेल तर ‘सीसी स्टेबल’. चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट जी नावं देईल त्या सगळ्यांना पाठवा. इथं शेड्यूलर आणि ट्रेसिंग, दोन्हीकडची माणसं लागतात. एकाच घराला निमंत्रण दिलंत तर दुसरं रुसतं, आणि त्यांचं रुसणं रास्त असतं.

पॅच गेल्यावर चाचणी टाकून देऊ नका. या कथेला २०२५ मध्ये तिसरं प्रकरण जोडलं गेलं. टास्क झोपायला निघाला, पण त्याच्यासाठी सिग्नल येऊन पडलेला असेल तर शेड्यूलर त्याला झोपू देत नाही; अवस्था परत ‘आर’ करतो. ट्रेसपॉइंटला मात्र २०२२ पासून सुरुवातीला वाचलेली प्रत मिळत होती, आणि तिच्यात अजून ‘झोपेत’ असंच लिहिलेलं. म्हणजे या वेळी खोटा ‘एस’ (झोपेत असल्याची खूण). तो पकडायला वरचा फिल्टर कामाचा नाही. ‘शेड_वेकिंग’ही सोबत नोंदवा आणि असा टास्क शोधा, जो ‘एस’ लिहून सीपीयूवरून उतरला आणि कुणी जागं न करताच पुन्हा पळायला लागला.